जाकुचूनं चाळिशीत दुकान सोडलं, म्हणजे नक्की काय सोडलं?

सौदा_सकाळी_सहाला:
नमस्कार मंडळी. कोल्हापूर मार्केट यार्डात आमची भाजीपाल्याची अडत आहे, आजोबांपासनं. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण पोरगं आर्टच्या डिप्लोमाला आहे, त्याच्या पुस्तकात इतो जाकुचू या जुन्या जपानी चित्रकाराचे कोंबडे बघितले आणि डोक्यातनं जाईनातच. एका चित्रात तेरा कोंबडे-कोंबड्या दाटीवाटीनं उभ्या, आणि प्रत्येकाच्या पिसांची नक्षी वेगळी! अंगणात कोंबडी पाळून वर्षानुवर्षं नुसतं बघत बसायचा म्हणे. ते पटतं. कारण कोंबडा मान वळवताना गळ्याची पिसं कशी फिस्कटतात ते यानं बरोब्बर पकडलंय.

आता प्रश्न. हा माणूस क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा, जन्म 1716. बाप गेल्यावर तेविशीत पेढीवर बसला. 1755 मध्ये, चाळिशीत, भावाच्या हाती दुकान देऊन मोकळा झाला आणि पुढं फक्त चित्रं. पोरगं रोज जेवताना हेच ऐकवतंय. मला एवढंच विचारायचंय, बाजार असा सुटतो का हो? मला तर गावाला गेलो तरी सहाला जाग येते आणि आवक किती झाली असंल हेच डोक्यात.

रंकाळा_वॉश:
मी चित्रकला शिकवतो, म्हणून आधी चित्रांचं बोलतो. तुम्ही बघितलेला कोंबड्यांचा कळप 'दोशोकु साइ-ए' या 30 चित्रांच्या मालिकेतला. साधारण 1757 ते 1766 एवढा काळ त्यात गेला. सगळं रेशमावर. त्यातला पांढरा फिनिक्स मोठ्या पडद्यावर जरूर बघा. पिसांतून सोनं चमकतंय असं वाटतं, पण तिथं सोनं नाही. रेशमाच्या मागच्या बाजूनं पिवळी माती लावलीय आणि पुढून शिंपल्याच्या पांढऱ्या रंगानं केसाएवढ्या रेषा ओढल्यात. मागचा पिवळा विणीतून झिरपून दिसतो. एका माशाला तर डच व्यापाऱ्यांकडून आलेला प्रशियन निळा वापरलाय, तेव्हा जपानात तो अगदी नवा होता.

हा खर्च कुणी केला? आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांच्या पाठीशी शाहू महाराज होते. जाकुचूच्या पाठीशी भाजीची पेढी. वर ही चित्रं त्यानं विकली नाहीत, शोकोकु-जी या झेन मंदिराला दान दिली. मुलाला हा भागही सांगा.

एसटी_ते_क्योतो:
सौदावाले, तुमची शंका रास्त आहे. बाजार सुटला नव्हता!

मी निशिकीत जाऊन आलोय. वरून छत असलेली चिंचोळी गल्ली, दुकानं बंद झाली की शटरवर त्याचीच चित्रं दिसतात. 1771 मध्ये दुसऱ्या एका बाजाराशी तंटा होऊन निशिकीतला भाजीचा धंदा सरकारनं थांबवला. जाकुचू तेव्हा पंचावन्नचा, गल्लीतल्या वडीलधाऱ्या पंचांपैकी एक. त्याच्या एकट्याच्या गल्लीला सवलत देऊ असं आमिष आलं, ते त्यानं धुडकावलं. माल आणणाऱ्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांना सोबत घेतलं आणि अर्ज-विनंत्या चालूच ठेवल्या. 1774 मध्ये वर्षाला ठरावीक चांदी भरायच्या अटीवर बाजार पुन्हा सुरू झाला. या धामधुमीतली त्याची चित्रं फारशी सापडत नाहीत.

आणि मुळ्याचं चित्र बघितलंत का? बुद्धाच्या महानिर्वाणाचं दृश्य, पण मधे उपड्या टोपलीवर आडवा पडलाय पांढरा मुळा, आणि भोवती शोक करणाऱ्या साठाहून जास्त भाज्या-फळं. बुद्ध ज्या शालवृक्षांखाली गेला, त्यांच्या जागी मक्याची ताटं. बाजार सोडलेला माणूस हे काढेल?

सौदा_सकाळी_सहाला:
मुळा उपड्या पाटीवर! लै भारी. आमच्याकडं सौदा संपल्यावर एखादी पेंढी अशीच पडलेली असती.

शेतकरी सोबत घेतले हे मात्र खरं व्यापाऱ्याचं डोकं. आवक ज्याच्या हातात, त्याचं सरकारला ऐकावंच लागतं. पण म्हातारपणी त्याचं कसं भागलं? दुकान भावाकडं, चित्रं देवाला.

रंकाळा_वॉश:
1788 च्या आगीत क्योतो बहुतेक बेचिराख झालं, त्यात त्याचं घरही गेलं. मग शहराच्या दक्षिणेला सेकिहो-जी मंदिराजवळ राहिला. एका चित्राचे एक 'तो' तांदूळ घ्यायचा, म्हणजे आपल्या मापानं अठरा लिटर. सहीतही तेच नाव लावायचा, 'एक माप तांदळाचा म्हातारा'. 1800 मध्ये गेला. दान दिलेली 30 चित्रं मंदिरानं 1889 मध्ये राजघराण्याला दिली. त्याबदल्यात मिळालेल्या दहा हजार येनमुळे मंदिराची जमीन वाचली.

सौदा_सकाळी_सहाला:
चित्राला तांदूळ, म्हणजे इथंही भाव ठरलेला! पोराला आजच सांगतो, रंगाचा खर्च पेढीवर टाक, पण सुट्टीत पहाटे सौद्याला यायचं आणि मुळा समोर ठेवून काढायचा. मागून रंग लावायचा प्रकार साध्या सुती कापडावर जमंल का हो? रेशीम परवडणार नाही.

रंकाळा_वॉश:
जाड सुतीवर नाही जमणार. पातळ मलमल घ्या, चौकटीवर ताणा, सरस-तुरटीचा हात द्या, वाळल्यावर मागून पिवळी माती लावायची. मुलाला रविवारी माझ्याकडं पाठवा, येताना एक मुळा आणू दे, पाल्यासकट.