'अपाला' हे नाव मुलीला ठेवावं का?

धागाकर्ती
भाचीचं बारसं जवळ आलंय. मी 'अपाला' सुचवलं आणि घरात दोन तट पडले. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातलं ९१वं सूक्त या अत्रिकन्येचं. पाण्याकडे जाताना तिला सोम ही रसाची वनस्पती सापडते. कुटायला जवळ काही नाही, म्हणून ती दातांनीच चावून रस काढते आणि इंद्राला म्हणते, हा पी. मला ही मुलगी फार आवडते. तुम्हाला काय वाटतं?

व्युत्पत्तीप्रेमी
नको. गोपाल, द्वारपाल यांतला 'पाल' म्हणजे राखणारा. अपाला म्हणजे जिला राखणारं कुणी नाही ती. लेकीला रोज 'निराधार' अशी हाक मारायची का? शिवाय मराठी कानाला आधी भिंतीवरची पाल ऐकू येते. वर्गातली मुलं सोडायची नाहीत.

रानवारा
मग 'अपर्णा' कशी चालते? शब्दशः 'पानं नसलेली'च ना! अदिती म्हणजे न बांधलेली. 'अ'ने सुरू होणारा नकार आपण कितीतरी नावांत कौतुकाने मिरवतो. जिला राखणदार लागत नाही ती अपाला, असं का म्हणू नये?

व्युत्पत्तीप्रेमी
कारण 'लागत नाही' हे तुम्ही पदरचं घातलंत. समासात फक्त 'नाही' आहे. अपर्णेमागे पार्वतीचं तप उभं आहे, तपात तिने पानंही सोडली. अपालेमागे काय? त्वचारोग झाला आणि नवऱ्याने टाकलं, हेच ना?

रानवारा
सूक्त वाचा हो, सातच ऋचा आहेत! त्यात रोगाचं नाव नाही. चौथ्या ऋचेत 'पतिद्विषः', म्हणजे नवऱ्याशी वैर असलेल्या, एवढंच आहे आणि शेवटी इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रातून तीनदा शुद्ध करून 'सूर्यत्वच', म्हणजे सूर्यासारख्या त्वचेची, करतो. रोगाची गोष्ट नंतरच्या कथांतून आणि सायणाचार्यांच्या भाष्यातून आपल्यापर्यंत आली. आणि ती मागते काय? वडिलांच्या टकलावर केस येऊ देत, शेत उगवू दे, माझ्या अंगावरही उगवू दे. स्वतःच्या आधी वडिलांचं डोकं आठवणारी लेक! एवढं घरगुती, एवढं धीट मागणं मी दुसऱ्या कुठल्या सूक्तात वाचलेलं नाही.

सावली
मला लहानपणापासून कोड आहे. ही गोष्ट मला कितीदा ऐकवली गेली, आणि दरवेळी शेवट एकच: कातडी उजळली, मग सगळं चांगलं झालं. सोम, शेत, वडील यांतलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. तुमचा अर्थ खरा असेलही, पण मुलीला भेटणारी माणसं सूक्त वाचून येणार नाहीत. ती 'कोडवाली अपाला' म्हणूनच ओळखतील. माझा विरोध आहे.

रानवारा
सावली, तुम्हाला ती अर्धीच गोष्ट ऐकवली गेली याचं वाईट वाटतं. पण म्हणूनच हे नाव टाकून देऊ नये, असं मला वाटतं.

धागाकर्ती
पालीचं मी मनावर घेतलं नसतं. सावलीताईंचं घेतलं. बहिणीला दोन्ही बाजू वाचून दाखवते. सातही ऋचा अर्थासकट आधी वाचेन, नाव तीच ठरवेल.