सात वर्षं उभी असलेली एमजीबी परत रस्त्यावर आणायचीय

मंडळी, मी इंग्लंडात लेस्टरला असतो, १९७२ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतलीय, सात वर्षं गॅरेजात झाकून होती. इंजिन हाताने फिरतंय, क्लच मात्र सुटत नाही आणि सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या मेल्यात. नवीन बॅटरी टाकून सरळ स्टार्टर मारू का?

प्रतिसाद १
अजिबात नको दादा! आधी स्पार्क प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, इंजिनात २०डब्ल्यू-५० ऑइल नवीन भर, मग प्लग न लावताच फिरव, डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. जुनं पेट्रोल सगळं काढ, वार्निशसारखा वास येतो त्याला, त्यानेच एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे) चिकटतात. भरताना ई५ सुपरच (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल) भर, १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं ई१० जुन्या रबरी पाइपांना खातं. इग्निशन ऑन केलं की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक ऐकू यायला हवी, आणि ती मंदावून थांबली की समजायचं कार्ब भरले.

प्रतिसाद २
क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनाच्या जड चाकाला) चिकटली असेल. पण आधी क्लचचं हायड्रॉलिक बघ, त्याचा सिलिंडर गळत असेल तर पेडल नुसतंच खाली जातं. ब्रेकचं तर सगळं उघडच, माझ्या गाडीत मागचा व्हील सिलिंडर जाम होता आणि पहिल्याच उतारावर जीव घशाशी आला, तेव्हापासून मी इंजिनाआधी ब्रेक करतो. टायरला नक्षी असली तरी बदल, साइडवॉलवर टायर बनल्याच्या आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड असतो तो वाच.

प्रश्नकर्ता
खूप आभार. गाडी चाळीस वर्षांच्या वरची आहे म्हणून एमओटी (इथली दरवर्षीची गाडी-तपासणी) माफ, तरी करूनच घेतो. शनिवारी प्लग काढतो, कळवतो.