शब्दचर्चा : जुन्या छपरात नवं छप्पर ‘फ्रेम’ करणे

सुतारकामाच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. उभ्या घराला पुढे एक खोली वाढवायची, तिच्यावर दोन उतारांचं छप्पर घालायचं आणि ते मागे नेऊन घराच्या छपराला मिळवायचं, असा विषय. पहिल्या खर्ड्यात मी शीर्षक लिहिलं : ‘विद्यमान छतामध्ये नवीन गेबल छत चौकटबद्ध करणे’. वाचून माझी मलाच लाज वाटली. ‘नवीन’ सोडलं तर यातला एकही शब्द सुताराच्या तोंडी शोभणार नाही.

अडलेले शब्द : गेबल; दोन छपरं मिळतात तिथली खोलगट रेघ; त्या रेघेखालचं तिरकं लाकूड; आणि ‘फ्रेम करणे’. मदत करा.

—

आधी ‘विद्यमान’ काढा. विद्यमान म्हटलं की पुढे आमदार येतो. छप्पर ‘जुनं’ किंवा ‘मूळ’. ‘छत’ही नको. झोपल्यावर वर दिसतं ते छत, पंखा लटकतो ते छत. पाऊस झेलतं ते छप्पर.

—

गेबलला ‘दुपाखी छप्पर’. पाखं म्हणजे छपराचा एक उतार. संस्कृत ‘पक्ष’वरून आलेला शब्द, म्हणजे पंख आणि पाखरू यांच्याच गोतावळ्यातला. एकच उतार असेल तर एकपाखी, चारी बाजूंना असतील तर चौपाखी.

पण एक सांभाळा. इंग्रजीत नुसतं ‘गेबल’ म्हटलं तर मुळात भिंतीचा वरचा त्रिकोण. दोन उतारांच्या टोकाला उघडा राहतो तो. आपला शब्द उतार मोजतो, त्यांचा भिंत पाहतो. त्यामुळे पुस्तिकेत कुठे ‘गेबलला खिडकी’ असं आलं आणि तुम्ही ‘दुपाखीला खिडकी’ लिहून बसलात, तर वाचणारा खिडकी छपरात पाडेल. तिथे सरळ ‘त्रिकोणी भिंत’ लिहा.

—

खोलगट रेघेला ‘दरी’ कसं वाटतं? मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ तोच आहे.

—

दरीत माणूस पडतो. पाणी वाहून न्यायला पन्हळ लागते.

—

‘पन्हळ’ला माझा विरोध नाही, पण गोंधळ होईल. वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला, पाणी गोळा करायला पत्र्याची अर्धगोल नाळ लावतात, तिलाही पन्हळच म्हणतात. एकाच पानावर दोन्ही आल्या तर?

—

‘पन्हळी पत्रे’ आठवा. त्या पत्र्याचा वळचणीशी काय संबंध? अंगावर उभ्या नाळ्या असतात म्हणून तो पन्हळी. म्हणजे शब्दाचा गाभा पाण्याची वाट हा आहे, जागा हा नाही. मूळ संस्कृत ‘प्रणाल’, अर्थ तोच. दोन पाख्यांमधल्या रेघेला नुसतं ‘पन्हळ’ म्हणा, कडेला लावलेल्या वस्तूला ‘वळचणीची पन्हळ’. घोळ संपला.

आणि खरं तर पाण्याच्या दृष्टीने ही रेघच छपराचं सगळ्यात नाजूक ठिकाण. आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्याच्या आडव्या रेघेवर, पाणी दुभंगतं, पन्हळीत ते दोन पाख्यांवरून एकत्र येतं. म्हणून तिथे कौलांखाली किंवा शिंगलांखाली (शिंगल म्हणजे कौलाऐवजी ठोकायची पातळ चपटी पट्टी) वेगळा पत्रा घालतात, साधारण २४ इंच रुंद. छप्पर गळायला लागलं की पहिला संशय पन्हळीवर घ्यावा.

—

अवांतर : ‘आढ्याचं पाणी वळचणीला’ ही म्हण करणाऱ्याच्या घराला एकच सरळ आढं असावं. दुसरं छप्पर जोडलेलं असतं तर मधे पन्हळ आली असती आणि म्हण लांबली असती.

—

आता तिरकं लाकूड. ‘कोनवासा’ हा शब्द आहे. लिहून मोकळ्या व्हा.

—

थांबा, इतकं सोपं नाही. कोनवासा चौपाखी छपराच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर असतो. तिथे पाणी दोन्हीकडे पांगतं. इथे कोपरा आत गेलेला आहे. दोन्ही लाकडं आराखड्यात सारखीच तिरकी दिसतात, म्हणून एकच नाव चालेल असं वाटतं. पण घडवताना फरक पडतो. कोनवाशाच्या पाठीच्या दोन्ही कडा रंध्याने उतरवाव्या लागतात, नाहीतर त्या पाख्याच्या वर डोकावतात. पन्हळीखालच्या वाशाच्या कडा आपसूकच पाख्याच्या खाली राहतात, तिथे रंधा मारायचं काम नाही. एकच शब्द ठेवलात तर एखादा बिचारा उगाच लाकूड तासत बसेल.

मी ‘पन्हळवासा’ म्हणेन. घडवलेला शब्द आहे हे कबूल, पण ऐकल्याबरोबर कळतो.

आकडे घालून पाहिलं की गंमत कळते. समजा नवी खोली १२ फूट रुंद, म्हणजे भिंतीपासून आढ्यापर्यंत आडवं अंतर ६ फूट. उतार फुटाला ६ इंच. आढं भिंतीच्या माथ्यापासून ३ फूट वर येणार. जुन्या छपराचा उतारही तेवढाच आणि दोन्हीकडचे वासे एकाच उंचीवरून निघत असतील, तर नवं आढं समपातळीत मागे सरकत ६ फूट आत गेलं की जुन्या पाख्याला टेकेल. पन्हळीची लांबी काढायला ६, ६ आणि ३ यांचे वर्ग : ३६, ३६, ९. बेरीज ८१. लांबी बरोबर ९ फूट, वर-खाली सूतभरही नाही. (शाळेत असं गणित दिलं असतं तर मी सुतार झालो असतो.)

जुन्या छपराचा उतार मंद, फुटाला ४ इंच असेल तर तेच आढं ९ फूट आत जातं आणि पन्हळ वरून पाहता ४५ अंशांत राहत नाही. म्हणून पुस्तिकेत ‘उतार सारखे असल्यास’ असं असेल तर ते शब्द गाळू नका.

—

गणित आवडलं. आढ्यापासून पन्हळीपर्यंत येणारे, एकापेक्षा एक आखूड होत जाणारे वासे असतात ना, त्यांना काय म्हणायचं? पुस्तिकेत पानोपानी आहेत.

—

लांडे वासे.

—

लांडे वासे फारच छान! वरच्याच मापात, दोन-दोन फुटांवर मारले तर प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा सुमारे २७ इंचांनी लांडा होतो. पहिला नीट कापला की बाकीच्यांचा पाढा म्हणायचा.

—

मी जरा मुळाशीच येतो. पुस्तिकेतल्या छपरात पन्हळवासा आहे तरी का?

नवं छप्पर जुन्याला मिळवायच्या दोन रीती आहेत. एकीत जुनं छप्पर उघडतात, मधले वासे कापतात, कापलेली टोकं आडव्या जोडलाकडात अडकवतात, बाजूचे वासे दुहेरी करतात आणि मग पन्हळवासे बसवतात. दोन्ही माळे आतून एक होतात. दुसरीत जुन्या वाशांना हातच लावत नाहीत. नव्या छपराखाली येणाऱ्या भागातली कौलं किंवा शिंगलं काढायची, खालचं फळ्यांचं अस्तर तसंच ठेवायचं. नव्या आढ्याचं बाहेरचं टोक टेकूवर धरायचं, लेव्हल लावून मागचं टोक जुन्या पाख्याला कुठे लागतं ते पाहायचं. त्या बिंदूपासून खाली दोन्ही बाजूंना रंगाची सुतळी ताणून रेघ मारायची. रेघेच्या कडेने रुंद फळी आडवी निजवून, खिळे खालच्या जुन्या वाशात जातील अशी ठोकायची. लांड्या वाशांचे पाय तिरके कापून या फळीवर बसतात. इथे पन्हळवासा नावाचं लाकूडच नाही. आहे ती फळी. फार तर ‘पन्हळफळी’ म्हणा.

मूळ इंग्रजी शीर्षकातलं ‘इनटू’ (तुमचं ‘छतामध्ये’) दोन्हींना चालतं, मराठीत क्रियापद निवडावं लागतं. पहिल्या रीतीत छप्पर ‘सांधायचं’, दुसऱ्या रीतीत ‘बसवायचं’ किंवा ‘भिडवायचं’. ‘फ्रेम करणे’ला एकच प्रतिशब्द शोधत होतात म्हणून अडलात. आकृती बघा आणि सांगा.

—

आकृती पाहिली. फळीच आहे, आडवी, जुन्या अस्तरावर ठोकलेली. शेजारी टीप आहे की नव्या छपराचं वजन जुन्या वाशांवर येतं, ते पेलतील का हे आधी तपासून घ्या. आणि मी सकाळपासून पन्हळवाशाची टाचणं काढत होते!

—

टाचणं ठेवा. पुढच्या प्रकरणात लागतील. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ला पहिल्यांदाच चांगला अर्थ मिळतोय : वजन टाकण्याआधी खालच्या घराचे वासे मोजायचेच असतात.

—

मग शीर्षक असं करते : ‘मूळ छपरावर नवं दुपाखी छप्पर चढवणे’. आणि पहिलं वाक्य : ‘नवं आढं समपातळीत मागे नेऊन जुन्या पाख्याला टेकवा, आणि टेकल्या जागेपासून दोन्ही बाजूंना पन्हळीची रेघ मारा.’ कसं वाटतंय?

—

वाक्य झकास. शीर्षकात ‘चढवणे’ नको, जुन्यावर अख्खा मजला चढवताय असं वाटतं. ‘मूळ छपराला नवं दुपाखी छप्पर भिडवणे’.

—

भिडवणेला +१.