लांब करार, अमॉर्टायझेशन आणि ३० जून: क्लबांचा हिशेब बसतो कसा?

कॉर्नर_फ्लॅग:
इंग्लंडमधल्या चेल्सी फुटबॉल क्लबने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक या खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार दिला. पाठोपाठ एन्झो फर्नांडेझला १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतलं, त्यालाही तेवढाच लांब करार. प्रीमियर लीगच्या (इंग्लंडमधली सर्वात वरची लीग) नियमात तीन वर्षांचा मिळून तोटा जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड चालतो. एका खेळाडूची किंमतच त्याहून मोठी, तरी क्लब अडकत कसा नाही? चेल्सीच्या मानाने कितीतरी कमी पैसे ओतलेल्या एव्हर्टन आणि फॉरेस्ट या क्लबांचे मात्र लीगमधले गुण कापले गेले. आणि दर जूनमध्ये अकादमीतली (क्लबाने लहानपणापासून घडवलेली) पोरं विकायची घाई का सुटते? आकडेमोडीसकट सांगितलंत तर बरं होईल.

पुस्तकी_किंमत:
खेळाडूसाठी मोजलेली रक्कम त्याच वर्षीचा खर्च म्हणून धरत नाहीत. यंत्रावर घसारा काढतात तशी ती कराराच्या वर्षांवर सारखी वाटतात, यालाच अमॉर्टायझेशन म्हणतात. एजंटची फीसुद्धा त्यातच जाते. एन्झोचे १०.६८ कोटी साडेआठ वर्षांत वाटले की वर्षाला साधारण १.२६ कोटी. करार पाच वर्षांचा असता तर २.१४ कोटी. म्हणजे एकाच खेळाडूमागे वर्षाला ८८ लाखांची सवलत. पगार वेगळा, तो दरवर्षी पूर्ण लागतो.

विक्रीचं गणित याच्या उलट. नफा वाटत बसत नाहीत, त्याच वर्षी एकरकमी दाखवतात. विक्रीच्या रकमेतून शिल्लक पुस्तकी किंमत (खर्चात अजून न धरलेली रक्कम) वजा करायची, उरेल तो नफा. समजा ५ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला. दोन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत ३ कोटी. तो साडेतीन कोटींना गेला तर बातम्यांत 'दीड कोटीचं नुकसान' छापून येतं, हिशेबात मात्र ५० लाखांचा नफा असतो. शिवाय पुढची तीन वर्षं दरवर्षीचे १ कोटी आणि पगार वाचतो तो वेगळाच.

अकादमीतून वर आलेल्या पोराची पुस्तकी किंमत शून्य, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम नफा. हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपतं, जूनमधल्या घाईचं मूळ हेच.

मधली_फळी:
वरचं गणित बरोबर आहे, पण लांब कराराची दुसरी बाजू राहिली. पुस्तकी किंमत उतरते फार सावकाश. १० कोटींच्या खेळाडूची तीन वर्षांनंतरची स्थिती बघा:

पाच वर्षांचा करार: शिल्लक ४ कोटी. ५ कोटींना विकला तर १ कोटी नफा.
आठ वर्षांचा करार: शिल्लक ६.२५ कोटी. त्याच ५ कोटींना विकला तर सव्वा कोटी तोटा.

खेळाडू फसला की क्लब कोंडीत सापडतो. कमी भावात सोडला तर तोटा तिथल्या तिथे अंगावर येतो, आणि पगाराची हमी अजून पाच वर्षं असल्याने खेळाडूलाही हलायची गरज नसते. मग लोनवर (तात्पुरतं दुसऱ्या क्लबाकडे) पाठवायचं आणि पगाराचा काही वाटा आपणच भरायचा. माझ्या मते या करारांचा खरा धोका हा आहे, नियमभंग नव्हे.

पळवाटही आता बुजली आहे. करार कितीही लांब असो, रक्कम पाच वर्षांतच वाटायची, असा नियम युएफाने (युरोपातली फुटबॉल संघटना) २०२३ च्या उन्हाळ्यात केला. प्रीमियर लीगच्या क्लबांनी डिसेंबर २०२३ मध्ये तोच मंजूर केला. जुन्या करारांना मात्र तो लागू नाही, म्हणून एन्झो आणि मुद्रिकचा हिशेब जसा होता तसाच राहिला.

३०_जून:
गुणकपातीबद्दल. १० कोटी ५० लाखांची मर्यादा सरसकट सगळ्यांना मिळत नाही. प्रीमियर लीगमधल्या वर्षाला ३.५ कोटी, चॅम्पियनशिपमधल्या (तिच्या खालची लीग) वर्षाला १.३ कोटी. फॉरेस्टची तीनपैकी दोन वर्षं खालच्या लीगमधली, म्हणून मर्यादा ६.१ कोटी. ती ३.४५ कोटींनी ओलांडली गेली. ब्रेनन जॉन्सन अकादमीचा, म्हणजे सगळा नफाच, पण तो टॉटनहॅमला गेला १ सप्टेंबर २०२३ ला आणि हिशेबाचं वर्ष संपलं होतं ३० जूनला. थांबल्यामुळे भाव चांगला मिळाला, हा बचाव सुनावणी करणाऱ्या आयोगाने मानला नाही. चार गुण गेले. एव्हर्टनचा तोटा मर्यादेपेक्षा १.९५ कोटींनी जास्त निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले, अपिलात ते सहावर आले.

याचा धसका घेऊन जून २०२४ मध्ये काय झालं बघा. चेल्सीचा मात्सेन अ‍ॅस्टन व्हिला क्लबाला, व्हिलाचा केलीमन चेल्सीला. दोघांचीही पुस्तकी किंमत नगण्य, त्यामुळे दोन्ही क्लबांना नफा लगेच आणि खर्च पाच वर्षांत. न्यूकॅसलने एलियट अँडरसनला ३.५ कोटींना फॉरेस्टकडे सोडलं. घरचा, तयार झालेला मधल्या फळीतला खेळाडू केवळ तारखेपायी गेला, याचं फार वाईट वाटतं. नियम क्लब सावरण्यासाठी केले आणि पहिला बळी स्थानिक पोराचा!

कॉर्नर_फ्लॅग:
आता उलगडलं. मग बातम्यांत 'चार हप्त्यांत पैसे' असतं, ते म्हणजेच अमॉर्टायझेशन का?

पुस्तकी_किंमत:
नाही. हप्ते म्हणजे रोकड, ती दोन क्लबांनी आपसांत ठरवायची. रक्कम एकदम दिली काय किंवा चार हप्त्यांत, हिशेबात ती कराराच्या वर्षांवरच वाटली जाते. म्हणून कागदावर नफा असलेल्या क्लबाकडेही पगाराला रोकड नसू शकते. करार वाढवल्यावर काय होतं तेही बघून ठेवा: शिल्लक २ कोटी आणि दोन वर्षं उरलेली असताना नवा चार वर्षांचा करार केला, तर वर्षाचा बोजा १ कोटीवरून ५० लाखांवर येतो.

मधली_फळी:
युरोपात खेळणाऱ्या क्लबांना युएफाचा हिशेब वेगळा द्यावा लागतो. पगार, अमॉर्टायझेशन आणि एजंट फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत हवी. ही मर्यादा ९०, ८० अशी टप्प्याटप्प्याने खाली आणली. चेल्सीने दोन हॉटेलं आपल्याच भगिनी कंपनीला ७.६५ कोटींना विकून दाखवलेला नफा प्रीमियर लीगमध्ये चालला, पण युएफा असे घरातल्या घरातले व्यवहार धरत नाही. जुलै २०२५ मध्ये चेल्सीला ३.१ कोटी युरोंचा दंड बसला: २ कोटी तोट्याच्या नियमाखाली, १.१ कोटी या टक्केवारीच्या नियमाखाली. २०२६-२७ पासून प्रीमियर लीगही टक्केवारीवर जातेय, तिथे मर्यादा ८५ आहे.