मदत हवी आहे: बाबांना घेऊन यॉर्कटाउन, विल्यम्सबर्ग, जेम्सटाउन दोन दिवसांत कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला त्यांनी. नायगाराला जाऊ या म्हटलं, तर म्हणाले, "ते राहू दे. कॉर्नवॉलिसच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली ती जागा इथून किती लांब आहे?"

आपल्याला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस माहीत असतो तो टिपूवरच्या मोहिमेतला. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या जोडीला होते आणि १७९२ ला श्रीरंगपट्टणचा तह झाला. पण त्याआधी, १९ ऑक्टोबर १७८१ ला, हाच माणूस अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला वॉशिंग्टन आणि फ्रेंचांपुढे शरण आला होता. आजारी असल्याचं सांगून स्वतः आलाच नाही, ओहॅरा नावाच्या अधिकाऱ्याला पाठवलं. बाबांच्या जुन्या वहीत त्या वेढ्याचा पेन्सिलीनं काढलेला नकाशा आहे. ९ आणि १० नंबरचे मोर्चे (इंग्रजांची मातीची तटबंद ठाणी) लाल शाईनं गिरवलेत, घड्यांवर कागद विरलाय. ती वही त्यांनी सामानात आठवणीनं आणलीये.

अडचण गुडघ्याची. पंधरा-वीस मिनिटं चाललं की बसावं लागतं. यॉर्कटाउनला गाडी कुठपर्यंत जाते? आणि जेम्सटाउन नावाची दोन ठिकाणं दिसताहेत, त्यातलं खरं कुठलं? कुणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. अगदी निश्चिंत जा.

पहिला दिवस यॉर्कटाउनलाच द्या. रणभूमीतून गाडीचा रस्ता आहे, शरणागतीच्या मैदानापर्यंत गाडी जाते. ९ आणि १० नंबरचे मोर्चे नदीकाठी जवळजवळ आहेत. १४ ऑक्टोबरच्या रात्री एक फ्रेंचांनी घेतला, दुसरा हॅमिल्टनच्या अमेरिकन तुकडीनं. दहाचा बराचसा भाग पुढे नदीत ढासळला, आज दिसतो तो पुन्हा उभारलेला. काकांना हे आधी सांगून ठेवा. शरणागतीची कलमं ठरली ते मूर हाउसही चुकवू नका.

जेम्सटाउनचं म्हणाल, तर 'जेम्सटाउन सेटलमेंट' हे संग्रहालय, तिथली जहाजं नव्यानं बांधलेली. १६०७ ची इंग्रजांची मूळ वसाहत बेटावर, 'हिस्टॉरिक जेम्सटाउन'ला. तिथला किल्ला नदीनं गिळला असंच सगळे समजत होते. १९९४ पासून उत्खनन झालं आणि तटाच्या लाकडी खांबांच्या खुणा मातीत सापडल्या. इतिहासाचे शिक्षक तिथून हलायचे नाहीत, वेळ हातात ठेवा.

विल्यम्सबर्ग म्हणजे वसाहतकाळातलं जपलेलं गाव. तिथला मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो, पण बाकं आहेत. नुसतं हिंडायला तिकीट लागत नाही, इमारतींत शिरायला लागतं. तिन्ही गावं जोडणाऱ्या कलोनियल पार्कवेवर पेट्रोलपंप नाही, टाकी आधीच भरा. काम चालू असलं की काही भाग बंद ठेवतात, निघण्याआधी बघून घ्या.

आणि ती वही गाडीत ठेवू नका, काकांच्या हातात असू द्या.