पित्तनलिकेची गाठ ठेवून नुसती आतड्याला जोडण्याबद्दल
पित्तनलिकेची गाठ (म्हणजे नलिकेचा पिशवीसारखा फुगलेला भाग, कोलेडोकल सिस्ट) न काढता ती आतड्याला जोडली तरी पित्ताला वाट मिळते, मग एवढं मोठं ऑपरेशन कशाला, हा काहींचा मुद्दा मला अजिबात पटत नाही. माझ्या मावशीचं तिशीत हेच केलं होतं. कावीळ उतरली, आम्ही निर्धास्त झालो. पंधराएक वर्षांनी थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे. गाठीत खडे साठलेले. मग पित्ताशयासकट गाठ काढून यकृतातून येणारी नलिका लहान आतड्याला जोडली. आधीच्या ऑपरेशनमुळे सगळं चिकटलेलं, त्यामुळे ते फार जिकिरीचं झालं.

खरा धोका गाठीच्या अस्तरात असतो. पुष्कळ रुग्णांत स्वादुपिंडाची नळी पित्तनलिकेला आतड्याच्या भिंतीबाहेरच मिळते, स्वादुरस वर चढतो आणि अस्तराला वर्षानुवर्षं इजा होत राहते. वयाबरोबर कॅन्सरची शक्यता वाढते ती म्हणूनच. (जपानी सर्जन तोडानींनी १९७७ मध्ये या गाठींचे प्रकार पाडले; त्यातल्या पहिल्या, म्हणजे यकृताबाहेरची नलिका फुगलेल्या, आणि चौथ्या, म्हणजे अनेक ठिकाणी फुगलेल्या प्रकाराबद्दल बोलतेय. तिसऱ्यात, म्हणजे आतड्याच्या भिंतीतल्या गाठीत, बऱ्याचदा दुर्बिणीतून भागतं.) आणि गाठ काढल्यावरही तपासण्या सोडू नका. जोड आकसू शकतो, उरलेल्या नलिकांतला धोकाही पूर्ण जात नाही. मावशी अजून दरवर्षी सोनोग्राफी आणि एलएफटी (यकृताच्या कामाची रक्ततपासणी) करून घेते.