मदत हवी आहे : बंद केलेल्या क्रेडिट कार्डाची वसुली, कागद मागितले तर देत नाहीत

नमस्कार मंडळी. मी डिचोलीला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. २०१५ साली पणजीत एका स्टॉलवर बँकेचं क्रेडिट कार्ड घेतलं होतं. मार्च २०१८ मध्ये उरलेले ६,४०० रुपये भरून बंद करायला सांगितलं, कार्ड कात्रीने कापलं आणि विसरले. नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नाही असा दाखला) मागून घ्यायचं असतं हे तेव्हा सुचलंच नाही.

गणेश चवथीच्या आठवडाभर आधी फोन सुरू झाले. "मॅडम, ५८,३४० रुपये थकलेत." माणूस बँकेचा नाही, कुठल्याशा एजन्सीचा. कसले पैसे विचारलं तर म्हणे, तुम्हाला माहीत आहे. कागद पाठवा म्हटलं तर व्हॉट्सॲपवर 'लीगल नोटीस' आली. वर तराजूचं चित्र, खाली सही नाही, आणि माझ्या नावापुढे बाबांचं नाव भलतंच. माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांचं) सामान घ्यायला बाजारात गेले होते, तिथे रात्री साडेआठला फोन. परवा तर शाळेत हेडबाईंनाच लावला.

आता म्हणतो, दोन हजार टोकन भरा, फाईल थांबवतो. आमचे भावोजी म्हणतात देऊन टाक, कटकट मिटेल. इंग्रजीत शोधलं तर 'डेट व्हॅलिडेशन लेटर' पाठवा, एजन्सीला पुरावा द्यावाच लागतो असं वाचलं. तसं पत्र इथे चालतं का?

अजून एक. तो म्हणाला, "कोर्टात दावा करायला तीन वर्षांची मुदत, ती बाकीच्या देशाला. गोव्यात पोर्तुगीज कायदा, नवऱ्याचं घरसुद्धा त्यात येतं." हे सासूबाईंनी ऐकलं आणि तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना_वसुलीवाला
ताई, आधी भावोजींना गप्प बसवा. एका बँकेच्या वसुली खात्यात अकरा वर्षं काढलीत म्हणून सांगतो, टोकन हा पैशांसाठी नसतोच. दोन हजार आले की रेकॉर्डवर 'ग्राहकाने देणं मान्य केलं' अशी नोंद होते. उद्या तुम्ही "हे माझं नाही" म्हणालात तर पहिला प्रश्न, मग पैसे का भरलेत? फोनवर "बघते, जमवते" असंही म्हणू नका, कॉल रेकॉर्ड होतात.

तुम्ही वाचलंत ते अमेरिकेचं. तिथे १९७७ चा वसुलीवाल्यांसाठीचा कायदा आहे, त्यात ३० दिवसांत लेखी वाद घातला की पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. तो कायदा इकडे सांगितलात तर एजंट हसेल. पण आपल्याकडे मार्ग नाही असं नाही. इथे एजंटशी भांडायचं नसतं, बँकेला धरायचं. एजंटाच्या वागण्याला बँक जबाबदार, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलंय. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, घरच्यांना-ओळखीच्यांना त्रास देऊन बेअब्रू करायची नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे. साडेआठचा कॉल आणि हेडबाईंचा कॉल, दोन्हींचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.

नार्वे_फेरी
तीन वर्षं झाली की कर्ज माफ. सरळ नंबर ब्लॉक करा.

वकीलबाई_म्हापसा
माफ होत नाही हो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षांनंतर कोर्टात दावा टिकत नाही, एवढंच. देणं कागदावर राहतं, सिबिलमध्ये, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये, दिसू शकतं. मुदत संपायच्या आत सही करून देणं कबूल केलंत किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद दिलीत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. आणि मुदत गेल्यावरसुद्धा "फेडते" असं सही करून दिलंत तर तो नवा करार ठरतो. म्हणून सही कुठेच नको.

पोर्तुगीज कायद्याचा बागुलबुवा मी पक्षकारांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलाय. पूर्वी हा वाद खरंच होता, कारण त्या कायद्यातल्या मुदती लांबलचक. पण २००१ साली सुप्रीम कोर्टाने एका बँकेच्याच प्रकरणात निकाल दिला की गोव्यातही १९६३ चाच कायदा लागू. लग्नानंतरची एकत्र मालमत्ता ही गोष्ट आपल्याकडे आहे खरी, पण ती आधी देणं सिद्ध झालं, कोर्टाचा हुकूम झाला, तरच्या पुढची. सासूबाईंना जेवायला सांगा.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, तेच पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. मजकूर असा ठेवा :

"अमुक एजन्सी माझ्याकडे ५८,३४० रुपये मागत आहे. हे देणे मला मान्य नाही. माझ्या सहीचा अर्ज, खाते उघडल्यापासूनचे पूर्ण स्टेटमेंट, थकबाकीची पहिली तारीख, व्याजाचा हिशेब आणि एजन्सीला दिलेले अधिकारपत्र पाठवावे. देणे दुसऱ्या कंपनीला विकले असल्यास त्या कराराची प्रत द्यावी. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजन्सीकडून परत घ्यावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. तक्रार निकाली निघेपर्यंत प्रकरण एजंटाकडे देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेने २००८ सालीच सांगितलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, फुकट. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नसते.

जुना_वसुलीवाला
आणि क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिलसारख्या चारही कंपन्या वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. बाबांचं नाव चुकीचं आहे म्हणालात ना, मला तिथेच शंका येतेय.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांची आभारी आहे. रिपोर्टमध्ये माझं कार्ड मार्च २०१८ ला बंद, बाकी शून्य! पण खाली दुसरंच एक कार्ड माझ्या नावावर चिकटलंय. नाव-आडनाव तेच, वडिलांचं नाव वेगळं, पत्ता वास्कोचा. मी वास्कोला आयुष्यात एकदा गेलेय, तेही विमानतळावर. बँकेला पत्र पोचलं, पोचपावती आली, फोन थांबले. रिपोर्टमधली चूक दुरुस्त करायला अर्ज टाकलाय.

तरी काल एजन्सीचा माणूस दारात. ओळखपत्र दाखव म्हटलं तर खिसे चाचपायला लागला. म्हणे, "मॅडम, चूक आमचीच, या फॉर्मवर सही करा, केस क्लोज." फॉर्म पूर्ण इंग्रजीत, रकमेची जागा कोरी. फोटो काढू दिला नाही. करू का सही?

वकीलबाई_म्हापसा
अजिबात नको. केस बंद करायला तुमची सही लागतच नाही, बँकेचं पत्र लागतं. पुन्हा आला तर दार न उघडता हेच सांगा.